वाळूच्या बेटाजवळची पहिली डाइव्ह आणि माझ्या फिनने मोडलेली फांदी

कोरडी_ठणठणीत

कोर्स होऊन महिना झाला. प्रमाणपत्र हातात आहे, पण ते सगळं शांत, तळाला नुसती वाळू असलेल्या पाण्यात. खरी रीफ (कोरलचा म्हणजे प्रवाळाचा खडक) पाहिली ती गेल्या आठवड्यात आणि पहिल्याच डाइव्हला नको ते करून बसले. इथे पाण्यात मुरलेली मंडळी बरीच आहेत म्हणून सविस्तर लिहिते. बोलणी खायची तयारी आहे.

जागा म्हणाल तर समुद्रात कुणी चिमूटभर वाळू टाकून विसरून गेल्यासारखं बेट. भरतीच्या वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे पावलं. झाड एकही नाही. पक्षी आणि पक्ष्यांची भांडणं एवढीच वस्ती. भोवती पाण्याचे तीन रंग: काठाला दुधी, मग हिरवट, आणि जिथे रीफची कड संपते तिथून एकदम गडद निळा. बोट वाऱ्याच्या आडोशाला, बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला) बांधलेली होती.

खाली गेलो तर आधी वाळूचा उतार आणि दहा-बारा मीटरवर हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांच्या कोरलचं अख्खं शेत. फांद्यांची टोकं फिकट निळी. आत बोटाएवढे हिरवट मासे शेकड्यांनी. मी श्वास सोडला, बुडबुड्यांचा आवाज झाला की सगळे एका झटक्यात फांद्यांत गडप, श्वास घेतला की पुन्हा बाहेर. हा खेळ बघता बघता मी खाली खाली जातेय हे कळलंच नाही. कळलं तेव्हा घाबरून पाय मारले, पायात वल्ह्यासारखे लांब फिन, आणि कट्! आवाज स्पष्ट ऐकू आला. वीतभर फांदी वाळूवर पडली होती. मोडलेली जागा खडूसारखी पांढरीशुभ्र. त्याच गडबडीत गुडघा खरचटला, आणि रक्त चक्क हिरवं दिसलं!

त्यापुढे मजा गेलीच. २८व्या मिनिटाला माझ्या गेजवर (टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर) ५० बार, बाकीच्यांकडे निम्मी हवा शिल्लक. माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं. कमरेला ८ किलो शिसं होतं, बोटीवर ज्याने दिलं तो म्हणाला, "नवीन आहात, जास्तच घ्या, निदान बुडाल तरी."

तर काय चुकलं? ती फांदी आता मरणार का? आणि तिथे सतत तव्यावर काहीतरी तडतडतंय असा आवाज कसला येत होता?

बुडबुडा

"निदान बुडाल तरी" 😂 हे वाक्य त्यांच्या बोटीवर रंगवून घ्यायला हवं.

आयडी बदला आता, कोरडी कुठे राहिलात.

ओहोटी

ताई, बोलणी कसली खाताय. इथे प्रत्येकाने काही ना काही मोडलंय, सांगत नाहीत एवढंच. तुमची फांदी, तुमची संपलेली हवा आणि ते ८ किलो या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. ८ किलो हेच दुखणं आहे, बाकीची त्याची लक्षणं.

कसं ते बघा. समजा तुम्हाला ४ किलो पुरले असते. वरच्या ४ किलोंचं काय करणार? ते तोलायला बीसीडीत (अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटात) सुमारे ४ लिटर हवा जास्त भरणार. ती हवा टाकीतूनच जाते, पण खरा ताप पुढे आहे. ती हवा खोलीबरोबर फुगते आणि आक्रसते. १० मीटरवर दाब २ वातावरणांचा, ५ मीटरवर दीड. म्हणजे १० वरून ५ वर आलात की ४ लिटरचे सव्वापाच होतात आणि तुम्ही फुग्यासारख्या वर निघता. घाबरून हवा सोडता, मग दगडासारख्या खाली. पुन्हा हवा भरता. डाइव्हभर हेच.

त्यात शिसं कमरेला आणि हवा छाती-पाठीशी. त्यामुळे पाय खाली, डोकं वर, अंग तिरकं. अशा अंगाने पाण्यातून जाणं म्हणजे बंद दार ढकलत चालणं. पाय मारला की पुढे जायच्या ऐवजी वर जाता, थांबलात की बुडता, म्हणून थांबताच येत नाही. सतत पाय मारणारा माणूस धापा टाकणारच. आणि त्या तिरक्या अंगात सर्वांत खाली काय लोंबतं? फिन. ते तुम्हाला दिसतही नाहीत, कारण मास्कमधून मागचं दिसत नाही आणि फिनमुळे आपली लांबी हातभर वाढलीय हे मेंदूला पटायला वीसेक डाइव्ह जातात.

आता उपाय. पाण्यात उतरल्यावर बीसीडी पूर्ण रिकामी करा, रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं साधन) तोंडात, नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर थांबा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेवर आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. लगेच बुडलात तर शिसं काढा. ही परीक्षा भरलेल्या टाकीने केली तर वर साधारण २ किलो धरा, कारण हवेलाही वजन असतं. नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत २०० बारला अडीच किलोच्या आसपास हवा असते. शेवटी टाकी हलकी होऊन वर ओढायला लागते आणि नेमकं तेव्हाच सुरक्षेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं. म्हणून डाइव्हच्या शेवटी, ५० बार उरलेले असताना, ५ मीटरवर रिकाम्या बीसीडीने स्थिर राहता आलं तर तुमचं शिसं बरोबर. तो आकडा वहीत लिहून ठेवा, सोबत सूट कोणता ते. आणि बोटीवरच्या माणसाला तो आकडा सांगा, त्याला विचारू नका.

तळ_गाठला

ओहोटींनी सगळं सांगितलंच. एक राहिलं: श्वास.

शिसं बरोबर असेल तर वर-खाली करायला बीसीडीचं बटण लागत नाही, फुप्फुसं पुरतात. एक लिटर हवा जास्त घेतली की जवळजवळ एक किलोची उचल मिळते. पण ती लगेच मिळत नाही, दोन-तीन सेकंदांनी मिळते. नवीन माणूस श्वास घेतो, काही होत नाही असं बघून पाय मारतो, मग दोन्ही मिळून नको तेवढं वर जातो. समोर कोरलचा उंचवटा दिसला की त्याच्या दोन हात अलीकडेच सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करायची. उंचवट्याशी पोचेपर्यंत अंग आपोआप उचललेलं असतं.

श्वास रोखायचा मात्र नाही, हे कोर्समध्ये घोकून घेतलं असेलच. १० मीटरवर भरलेली फुप्फुसं रोखून वर आणली तर हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला ती देता येत नाही. उथळ पाण्यात धोका कमी असं वाटतं, पण दाबाचं प्रमाण सर्वांत वेगाने बदलतं ते शेवटच्या काही मीटरमध्येच.

बाकी तुमचा हिशेब करून पाहिला. ११ लिटरची टाकी, १५० बार (२०० वरून ५०), २८ मिनिटं, सरासरी १० मीटर धरली तर पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला जवळजवळ ३० लिटर. निवांत डायव्हर याच्या निम्म्यात भागवतो. तुम्ही पोहत नव्हतात, जिना चढत होतात.

कोरडी_ठणठणीत

जिना चढत होते! अगदी हेच. मांड्या दुखत होत्या दुसऱ्या दिवशी.

आठ किलो मुकाट्याने घेतले हीच चूक. कोर्समध्ये ही परीक्षा एकदा करून घेतली होती, पण बोटीवर सगळे तयार होऊन बसलेले, मी शेवटची, लाजेने काही बोलले नाही.

शंखोबा

हिरवं रक्त: पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी पिऊन टाकतं. पहिल्या काही मीटरांतच लाल फिका पडायला लागतो, १० मीटरच्या पुढे नावापुरता उरतो. परत यायला लाल उजेडच नाही तर लाल रक्त लाल दिसणार कसं? पुढच्या वेळी टॉर्च न्या, दिवसासुद्धा. जी कपार तपकिरी-करडी वाटते तिच्यावर उजेड टाकला की शेंदरी, किरमिजी, जांभळं असं काय काय निघतं.

तडतड: ती कोळंबी. एका नांगीने चुटकी वाजवणारी, बोटाच्या पेरांएवढी. नांगी इतक्या झपाट्याने मिटते की पाण्यात पोकळीचा बुडबुडा तयार होतो, आणि आवाज नांगी आपटल्याचा नसून तो बुडबुडा फुटल्याचा असतो. एका रीफवर अशा हजारो. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखालचे कानोसे घेणाऱ्यांना या तडतडीने हैराण केलं होतं. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने येतोय हे आपल्या कानांना कळत नाही, सगळीकडूनच येतोय असं वाटतं. गेल्या काही वर्षांत उलटी गंमत झाली आहे. निरोगी रीफ गजबजलेली आणि मेलेली रीफ चिडीचूप असते, म्हणून संशोधक आता रीफची तब्येत आवाजावरूनही तपासतात. म्हणजे तडतड ऐकू आली हे चांगलंच झालं.

फांदी: या जातीचं कोरल (ॲक्रोपोरा) तुटूनही वाढतं. वादळात फांद्या मोडतात, खडकात कुठे अडकल्या तर तिथे नवीन झाड धरतं. पण तुमची वाळूवर पडली असेल तर अवघड आहे. लाटेबरोबर लोळत राहिली की वरचा जिवंत थर घासून जातो. तो थर असतोच किती? कागदाएवढा. खालचं सगळं चुनखडीचं घर. म्हणूनच मोडलेली जागा पांढरी दिसली. मूळ झाड मात्र भरून निघेल. या फांद्या वर्षाला १० सेंटीमीटरच्या आसपास वाढू शकतात. वीतभर मोडलीत म्हणजे दोनेक वर्षांचं काम. गोल दगडासारखं कोरल असतं ना, ते वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. पुरुषभर उंचीचा गोळा दिसला तर तो तुमच्या पणजोबांच्या आधीचा आहे असं समजा.

बुडबुडा

शंखोबा सुरू झाले. मंडळी, सावरून बसा.

कानाला_खडा

मी दोन वर्षांपूर्वी एकदाच प्रयत्न केला, अशाच बेटाजवळ. ३ मीटरवर कानात सुरी खुपसल्यासारखं झालं. बरोबरचा माणूस खूण करत होता "खाली या, खाली या". मी नाक दाबून जोर लावला, आणखी दुखलं, शेवटी वर आलो. आठवडाभर एका कानाने ऐकू कमी येत होतं. तेव्हापासून आयडी सार्थ केला आहे. धागा वाचून पुन्हा हुरूप येतोय. माझे कान मुळातच वेगळे असतील का?

ओहोटी

कान बहुधा ठीक असतील, वेळ चुकली. दुखायला लागल्यावर नाक दाबायचं नसतं, दुखायच्या आधी दाबायचं असतं. पाण्याच्या वर असतानाच एकदा, मग डोकं बुडल्याबरोबर, मग दर अर्ध्या मीटरला. मधल्या कानाला घशाशी जोडणारी जी नळी आहे ती बाहेरचा दाब फार वाढला की चपटी होऊन मिटते. मिटल्यावर कितीही फुंका, उघडत नाही, आणि फारच जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. तुम्ही नेमकं तेच केलं.

पाय खाली ठेवून उतरा, दोरी असेल तर दोरी धरून. नाक दाबून हलकेच फुंका, सोबत आवंढा गिळा. नाही उघडला तर मीटरभर वर या, पुन्हा करा. पाच मिनिटं लागली तरी लागू देत. दुखत असताना "खाली या" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकायचं नाही. कानाकडे बोट दाखवून तळहात आडवा हलवायचा, ही खूण सगळीकडे कळते. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाहीच. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका, तिचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि खालीच राहण्याची सोय तर नसते.

आठवडाभर ऐकू कमी आलं होतं म्हणता, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, मगच पाण्यात.

पण_का

सगळं वाचलं. एक सरळ प्रश्न विचारतो, राग नसावा. दोन वर्षांत वाढलेली फांदी एका लाथेत गेली. बोटीवर दहा लोक होते, दिवसाला दोन बोटी धरा. मग तिथे जावंच कशाला? फोटो आहेत, माहितीपट आहेत. तुम्ही लोक रीफवर प्रेम आहे म्हणता आणि तिच्याच अंगावर पाय देता.

बुडबुडा

आला, आला, मूळ मुद्दा आला.

शंखोबा

रीफ मरतेय ती मुख्यतः गरम पाण्याने. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न पुरवतं आणि रंगही त्याचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. नाही निवलं तर काही दिवसांत त्यावर मळकट हिरवी लव येते, तेव्हा ते मेलं. जगभर एकाच वेळी असं होण्याचा पहिला मोठा प्रसंग १९९८चा, मग २०१०, मग २०१४ ते २०१७. चौथा सुरू असल्याचं एप्रिल २०२४मध्ये जाहीर झालं. यात फिनचा संबंध नाही.

पण_का

म्हणजे घर पेटलंय म्हणून आपण काचा फोडल्या तर चालतात?

तळ_गाठला

पण_का, हा टोला बरोबर बसला, मी मान्य करतो. शंखोबांचं विज्ञान खरं आहे पण उत्तर म्हणून ते पळवाटीसारखं आहे. रोज बोटी येतात त्या जागी बोयाजवळचे पहिले वीस-तीस मीटर पाहिले की कळतं, सगळे नवे डायव्हर तिथेच धडपडत उतरतात. फांद्यांची टोकं बोथट झालेली असतात. आधीच तापाने अशक्त झालेल्या कोरलला ते परवडत नाही.

पण "जाऊच नका" हेही मला पटत नाही. बोया कुणी बांधला? डायव्हरांच्याच रेट्याने. नाहीतर प्रत्येक बोट नांगर टाकते आणि एक नांगर साखळीसकट फिरला की शंभर फिनांचं नुकसान एका तासात करतो. कुठली रीफ पांढरी पडली, कुठे कोरल खाणारे काटेरी तारामासे वाढले, ही खबर बऱ्याचदा आधी डायव्हरच आणतात.

मी स्वतः करतो ते सांगतो. नव्या माणसाला पहिली दहा मिनिटं वाळूवरच ठेवतो. तिथे काय धडपडायचं ते धडपडा. स्थिर झाला की मग रीफच्या कडेला, आणि तीही डोक्याखाली न घेता बाजूला ठेवून. कॅमेरा पहिल्या पंचवीस डाइव्हना बंद. कॅमेरा हातात आला की माणूस अंग विसरतो. हातमोजेही नकोत. मोजे घातले की हात आपोआप धरायला जातो. उघड्या हाताला कोरलची धार माहीत असते, विशेषतः ज्याला एकदा फायर कोरल (चटका देणारं कोरल) लागलं आहे त्याला.

कोरडी_ठणठणीत

पण_का, राग नाही. मलाही तोच प्रश्न पडलाय आणि उत्तर नाहीये. परत जाणार हे मात्र ठरलंय, म्हणूनच हा धागा काढला.

एक मासा ओळखायचा राहिला. हातभर लांब, जाड ओठ, दात बाहेर, अंगावर पिवळट-हिरवट जाळी. वाळूतल्या एका खड्ड्यावर उभा होता. आमच्यातल्या एकाच्या फिनवर धावून आला, चावला, तो वर वर पळाला तर हाही मागे वर वर. मला वाटलं वर गेलं की सोडेल.

ओहोटी

टायटन ट्रिगरफिश, आणि खड्ड्यात अंडी होती. त्याची हद्द उभ्या शंकूसारखी असते, टोक घरट्यात आणि तोंड वर उघडलेलं. वर पळालात की आणखीच त्याच्या हद्दीत. आडवं पळायचं, तोंड त्याच्याकडे, फिन पुढे. शार्कला घाबरणारे लोक याला ओळखत नाहीत, आणि मला तर याचीच धास्ती.

सनक्रीम_नको

सनस्क्रीनचं कुणीच बोललं नाही? हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट (कोरलला घातक मानली जाणारी रसायनं) असलेली क्रीम १ जानेवारी २०२१पासून विकायला बंद केली, पलाऊने त्याच्या आदल्या वर्षी. "रीफ सेफ" असं डब्यावर कुणीही छापतं, त्याला फारसा अर्थ नाही. लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहण्याचा अंगाबरोबरचा शर्ट) घाला, क्रीमचा प्रश्नच उरत नाही.

बुडबुडा

माझा खरा प्रश्न, पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात अशाच एका बेटावर चाललोय. शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह आणि संध्याकाळचं विमान. चालेल ना?

तळ_गाठला

नाही.

एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, दिवसात दोन किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात दाब कमी, मग तो बुडबुडे होऊन सुटतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं. डाइव्हनंतर उंच घाट चढून जाणार असाल तर तेही यातच आलं. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, बेटावर फिरा.

या सगळ्याची, म्हणजे कसं थांबत थांबत वर यायचं याची, पहिली शास्त्रशुद्ध कोष्टकं हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८मध्ये मांडली, त्यासाठी दाबाच्या खोलीत बकऱ्या ठेवल्या होत्या. तुमच्या मनगटावरचा कॉम्प्युटर आजही बराचसा त्याच बकऱ्यांचं देणं लागतो.

बुडबुडा

आयडी असा असूनही अंगात बुडबुडे नकोत. विमान पुढे ढकलतो. पण दीडशे पावलांच्या बेटावर दिवसभर फिरायचं काय?

शंखोबा

अहो, ते बेट हेच तर आश्चर्य आहे! मूठभर वाळू घ्या आणि भिंगातून बघा. दगडाचा एक कण सापडणार नाही. सगळी कुणाची ना कुणाची हाडं आणि घरं. कोरलचा चुरा, शंख-शिंपल्यांचे तुकडे, हॅलिमेडा नावाच्या शैवालाच्या चुन्याच्या चकत्या, फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं (त्यातली काही चक्क चांदणीच्या आकाराची). आणि बराचसा माल पोपटमाशाच्या पोटातून आलेला. तो चोचीने खडक खरवडतो, त्यातलं शैवाल पचवतो आणि चुना बारीक दळून मागे सोडतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू पाडतो. खाली असताना कान दिलात तर त्याचं खरवडणं वेगळं ऐकू येतं, तडतडीच्या मध्ये करकर.

आता ही वाळू नेमकी तिथेच का साठते? लाट रीफवर चढते, दोन्ही बाजूंनी वळसा घालते आणि मागच्या बाजूला दोन्ही प्रवाह समोरासमोर येतात. तिथे जोर संपतो, वाळू खाली बसते. म्हणून अशी बेटं बहुधा रीफच्या आडोशाच्या अंगाला असतात आणि जागेवर राहत नाहीत. मोसम बदलला की शेपटी या बाजूची त्या बाजूला. काठाला कधी फरशी घातल्यासारखी सपाट खडकांची पट्टी दिसेल, ती वाळूच आहे, चुन्याने सांधून दगड झालेली. पक्षी बिया आणतात, खत घालतात, झाडं धरली की बेट जरा स्थिरावतं. ग्रेट बॅरियर रीफवरचं हेरॉन बेट असंच, ८०० मीटर लांब, ३०० मीटर रुंद, आणि त्यावर जंगल, हजारो पक्षी, शिवाय विद्यापीठाचं संशोधन केंद्र.

कंकणाकृती बेटांची गोष्ट आणखी भारी आहे. डार्विनने १८४२मध्ये लिहिलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं आणि भोवतीची रीफ उजेडासाठी वर वर वाढत राहते, शेवटी बेट बुडतं, कडं उरतं. सिद्ध कसं करणार? ११० वर्षांनी, १९५२मध्ये, पॅसिफिकमधल्या एनेवेटाकवर भोक पाडलं. चुनखडक, चुनखडक, चुनखडक, आणि सुमारे १,४०० मीटरवर ज्वालामुखीचा काळा खडक लागला.

पण_का

हे आवडलं. म्हणजे ताईंची फांदीही शेवटी बेटातच जाणार.

कोरडी_ठणठणीत

अशी समजूत काढून घ्यायची नाही असं मी ठरवलंय. पण हसले, हे खरं.

कोरडी_ठणठणीत

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कळवायचं होतं म्हणून.

पुन्हा तिथेच जाऊन आले. बेटाची शेपटी खरंच थोडी सरकली होती, शंखोबा! बोटीवर यावेळी आधीच सांगितलं, मला आधी वजन तपासायचंय, पाच मिनिटं लागतील. कुणी काही म्हटलं नाही. उलट मागचा एक काका म्हणाला, माझंही बघाल का. ५ किलोंनी सुरुवात केली. पहिल्या डाइव्हला ३९ मिनिटं मिळाली. शेवटी ५ मीटरवर तरीही बीसीडीत थोडी हवा लागत होती, म्हणून आणखी एक किलो काढला.

पुढच्या डाइव्हला त्या शेताजवळ थांबले. वाळूवर, तीन हात लांब. पाय दुमडलेले, हात छातीशी. हिरवट मासे आधी आत गेले. मग मी श्वास लहान केला, सावकाश केला. बराच वेळ काही झालं नाही. नंतर एकेक बाहेर आला, आणि शेवटी माझ्या बुडबुड्यांना कुणी भीक घालेना. मोडलेली जागा सापडली. पांढरी राहिलेली नाही, कडेने तपकिरी कातडी चढत आलीय. खाली पडलेला तुकडा दिसला नाही.

कानाला_खडा

डॉक्टरांनी कान तपासला, पडदा ठीक आहे, उतरायला हरकत नाही म्हणाले. ओहोटी, पुढच्या आठवड्यात तलावात सुरुवात करतोय. अर्ध्या मीटरला एकदा, लक्षात आहे.

तळ_गाठला

ताई, दुसऱ्या डाइव्हचे आकडे टाका की. हिशेब करायला हात शिवशिवतायत.

कोरडी_ठणठणीत

वहीतून उतरवतेय:

कमाल खोली १४ मीटर, सरासरी १०. वेळ ५२ मिनिटं. शिसं ४ किलो, ३ मिलिमीटरचा सूट. आत २०० बार, बाहेर ६०. मिनिटाला १५ लिटर, हिशेब मीच केला.
शेरा: ट्रिगरफिश आडवा टाळला. टॉर्चमध्ये कपार शेंदरी. कशालाही काही लागलं नाही.